सकाळची बातमी सांगणाऱ्यांचा व्यवसाय

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात अंबाजोगाई येथे दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. आपल्या संमेलनात ‘मुलांनी कोणता व्यवसाय पत्करावा’ या विषयावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतोच. डॉक्टर, अभियंता, प्राध्यापक आणि अलीकडे स्पर्धा परीक्षा, असा त्या भाषणांचा ठरलेला क्रम असतो. त्या क्रमात ज्याचे नाव अद्याप आलेले नाही अशा एका व्यवसायासंबंधी मी आज बोलणार आहे. हा व्यवसाय सकाळी दूरचित्रवाणीवर बातम्या देण्याचा. विषयाचे नाव ऐकून पुढील रांगेतील काही वडीलधाऱ्यांनी स्मित केले, ते मी पाहिले. त्यांचा राग नाही. काही वर्षांपूर्वी मीही असाच हसलो असतो.

हा विषय का घेतला, ते प्रथम सांगतो. गेल्या वर्षी वधूवर परिचय पुस्तिकेसाठी नोंदी घेण्याचे काम मजकडे होते. एका मुलीच्या नोंदीत व्यवसायाच्या रकान्यात ‘वृत्तनिवेदिका’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी तिचे वडील माझ्या घरी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “तेवढं ‘खाजगी नोकरी’ असं करून घ्या.” मी तसे करून दिले. ती मुलगी माझी सख्खी भाची, तिचे वडील माझे मेहुणे, आणि तिला उच्चार शिकविणारा मी. तरीही मी पेन उचलले आणि शब्द खोडला. त्या खोडलेल्या शब्दाने मला वर्षभर स्वस्थ बसू दिलेले नाही.

आमच्या पिढीला सकाळची बातमी कानाने ठाऊक होती, डोळ्यांनी नव्हे. साडेआठ वाजता दिल्लीहून मराठी राष्ट्रीय बातम्या लागत, आणि त्यापूर्वी सातच्या सुमारास पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. आष्टी-पाटोद्याच्या बाजूस पुणे केंद्र स्वच्छ ऐकू येई. आमच्याकडे ते वाऱ्यावर अवलंबून असे. त्या पुण्याच्या बातम्यांत सुधा नरवणे हे नाव घरोघर परिचयाचे होते. त्यांचा चेहरा आम्हांपैकी कोणीही पाहिलेला नव्हता. पुढे 2019 च्या डिसेंबरअखेर मनोज नरवणे भारताचे लष्करप्रमुख झाले, तेव्हा वर्तमानपत्रांत वाचले की त्यांच्या मातुश्री म्हणजेच त्या आकाशवाणीच्या सुधाताई. मला त्या वार्तेने फार आनंद झाला. सरसेनापतीच्या घरी आईचा हा व्यवसाय लपवावा असे कोणास वाटले नव्हते, हे मला त्या वेळी सुचले नाही. खोडलेल्या शब्दानंतर सुचले.

सकाळच्या बातमीचे खरे मोल मला कळले ते 1993 साली. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक उशिरा निजले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना भूमी हादरली. सारे गाव अंगणात आणि रस्त्यावर आले; वीज गेलेली. अंधारात कोणी म्हणे धरण फुटले, कोणी म्हणे दारूगोळ्याचे कोठार उडाले, कोणी म्हणे परळीच्या वीज केंद्रात काही झाले. प्रत्येक नवा माणूस नवी वार्ता आणी आणि बायका पोरांना उराशी धरून रडत. उजाडल्यावर आमच्या आळीतील एका गृहस्थाने ट्रान्झिस्टर ओट्यावर आणून ठेवला आणि त्याभोवती पन्नास-साठ माणसे उभी राहिली. त्या आवाजाने भूकंप हा शब्द उच्चारला, लातूर-उस्मानाबादकडची गावे सांगितली, किल्लारीचे नाव घेतले. आवाजात घाई नव्हती, रडू नव्हते, आणि जे ठाऊक नव्हते ते सांगण्याचा हव्यासही नव्हता. मृतांची संख्या पुढे सुमारे 10,000 पर्यंत गेली, ती त्या सकाळी कोणासच माहीत नव्हती. तथापि ओट्यावरील माणसे त्या आवाजाने भानावर आली. ज्यांचे नातलग तिकडे होते ते निघाले. बाकीच्यांनी भाकरी आणि चादरी गोळा करण्यास आरंभ केला. अफवा आणि बातमी यांतील अंतर किती असते, हे मी वर्गात अनेकदा शिकविले होते. ते मला त्या ओट्यावर दिसले.

आता चित्राकडे वळतो. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. आपल्या जिल्ह्यात त्याचे चित्र यावयास पुढे बरीच वर्षे लागली, परंतु तेथे बातम्या देणाऱ्यांची नावे चित्राच्या आधी पोहोचली. त्यांत भक्ती बर्वे होत्या, स्मिता पाटील होत्या, अनंत भावे होते, प्रदीप भिडे होते. यांपैकी अनेकांविषयी एक गोष्ट आपणांस ठाऊक नसावी. त्या काळी बातम्या देणारे बहुतेक जण दूरदर्शनचे पगारी नोकर नव्हतेच. बातमीपत्रागणिक मानधन मिळे, आणि पोटासाठी दुसरा उद्योग असे. भावे हे मराठीचे प्राध्यापक आणि मुलांचे आवडते लेखक. भिडे यांनी सुमारे चार दशके मराठी बातम्या दिल्या आणि जाहिराती, माहितीपट, समारंभ यांना आवाज देऊन स्वतंत्र व्यवसाय उभा केला. 7 जून 2022 रोजी ते निवर्तले, तेव्हा ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते अशा घरांतही हळहळ झाली. स्मिता पाटील यांना तर विशीही गाठावयाची होती. जीन्सवरच साडी नेसून ही मुलगी बातम्या द्यावयास बसे, ही कथा आता सर्वश्रुत आहे. त्या पडद्यावरच श्याम बेनेगल यांच्या दृष्टीस ती पडली आणि 1975 पासून चित्रपटांत आली. एका मंत्र्याची ती कन्या. घराण्याच्या प्रतिष्ठेस त्यामुळे बाधा आल्याचे कोणी ऐकले नाही.

बायकांनी बातम्या देण्याविषयीचा संकोच हा केवळ आपल्याकडचा आहे, असे मात्र समजू नये. ज्या बीबीसीचे नाव आपण आदराने घेतो, त्या संस्थेने 1955 पर्यंत दूरचित्रवाणीवर बातमी देणाऱ्याचा चेहराच दाखविला नाही. चेहऱ्यावरील भाव बातमीत मिसळतील अशी भीती होती. 1960 साली तिने नॅन विंटन या बाईंस राष्ट्रीय बातम्या देण्यास बसविले, आणि बाईंच्या तोंडून गंभीर बातमी प्रेक्षकांस रुचत नाही या सबबीवर त्यांना लवकरच उठविले. त्यानंतर अवघ्या बारा-तेरा वर्षांत मुंबईत मराठी मुली बातम्या देत होत्या, आणि त्याविरुद्ध मोर्चा निघाला नाही. या एका बाबतीत आपण विलायतेच्या मागे नव्हतो.

मग आपल्या घरांत अडचण कोठे येते? मला विचाराल तर ती दोन ठिकाणी येते. एक चेहऱ्याची आणि दुसरी बोलीची. बोलीची अडचण अधिक खोल आहे, म्हणून ती आधी घेतो.

बीड जिल्ह्याचा मुलगा मुंबई-पुण्यात चार शब्द बोलला की समोरचा विचारतो, “तुम्ही मराठवाड्याचे का?” प्रश्न साधा असतो, पण विचारणाऱ्याच्या ओठावर जे किंचित हसू असते ते मुलास घरापर्यंत पुरते. ‘काय करलालास’ म्हणणाऱ्या आईचा मुलगा दुसऱ्या महिन्यापासून फोनवर आईशीही पुस्तकी बोलू लागतो. निजामी अमलात आपल्या वडिलांनी शाळेत उर्दू घेतली, कचेरीत उर्दू लिहिली. मराठी घरात आणि देवळात राहिली. 17 सप्टेंबर 1948 नंतर ती शाळेत परत आली. त्या इतिहासाने आपल्या बोलीस काही शब्द दिले, काही वळणे दिली. यांत लाजण्यासारखे काय आहे? आणि ज्या गावी आपण बसलो आहोत, तेथे मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरेनुसार शके 1110 मध्ये ज्यांनी विवेकसिंधू रचिला ते हेच मुकुंदराज. याच गावी दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. मराठीस आपण परके आहोत, हे आपल्यास कोणी आणि केव्हा पटविले?

तथापि मी शिक्षक आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरची बोली जपावी हे खरे. म्हणून ण आणि न, ळ आणि ल, श आणि स यांतील भेद न शिकता सर्वांसमोर बसावे असे नव्हे. बातमी ऐकणारा सिरोंच्याचाही असतो आणि सावंतवाडीचाही. त्या सर्वांस एकदम कळेल असा उच्चार हे कसब आहे आणि ते कष्टाने येते. 1941 साली युद्धाच्या धामधुमीत बीबीसीने यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांस राष्ट्रीय बातम्या देण्यास बसविले. त्यांच्या गावाकडच्या उच्चारांवर श्रोत्यांनी तक्रारी केल्या. हा माणूस बातमी खोटी सांगतो, अशी तक्रार मात्र नव्हती. तो आमच्यासारखा बोलत नाही, एवढीच होती. आपल्या मुलांस दोन्ही यावे असे मला वाटते. भक्ती बर्वे यांची गंमत पाहा. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर ज्यांचे उच्चार निर्दोष म्हणून वाखाणले गेले, त्यांनीच 1975 साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या नाटकात रांगड्या बोलीची फुलवाली उभी केली, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. एकाच जिभेवर दोन्ही भाषा नांदल्या.

आता माझ्या भाचीकडे येतो. तिचे नाव घेणार नाही; आपणांपैकी निम्म्यांना ते ठाऊक आहे. केज तालुक्यातील खेड्यात वाढलेली, बीडला पदवी घेतलेली ही मुलगी शहरातील एका केबल वाहिनीवर सकाळी सात वाजता पंधरा मिनिटे बातम्या देऊ लागली. मुंबईच्या वाहिन्यांवर जे कधी यावयाचे नाही ते त्या पंधरा मिनिटांत असे. कोणत्या प्रभागात आज नळाला पाणी, टँकर कोठे, माजलगाव धरणात किती साठा, मोंढ्यात कापसाचा आणि सोयाबीनचा भाव, दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या कोणत्या कारखान्याकडे निघाल्या, कपिलधारच्या यात्रेस जादा एसटी किती. बातमी लिहावयाची तिनेच, वाचावयाची तिनेच, आणि पुष्कळदा कॅमेऱ्यामागील मुलगा आजारी असला तर कॅमेरा लावून समोर येऊन बसावयाचे तेही तिनेच. पहाटे पाच वाजता ती मजकडे येई. मी चहा घेत असे आणि ती वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. वाक्याच्या मध्येच श्वास संपला की मी कपाची बशी वाजवीत असे. आकडे वाचताना ती अडखळे. ते साधण्यास सहा महिने लागले.

या काळात मी तिचा शिक्षक होतो, पण समर्थक नव्हतो. ‘दोन वर्षे हौस करू दे, मग बी.एड. करील,’ असे मी बहिणीस सांगत होतो. एका चांगल्या स्थळाने पत्रिका जुळत असताना नकार कळविला. कारण विचारता निरोप आला, “मुलगी रोज सकाळी साऱ्या गावासमोर तोंड दाखविते.” बहीण रडली. मी त्या निरोपाचा निषेध केला नाही.

आणि मग ती सकाळ आली. थंडीचे दिवस होते. सहा चाळीसला एका बातमीदाराचा फोन आला, रस्त्यात उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून एक तरुण जागीच गेला. नाव, गाव, वय सर्व मिळाले. सातच्या बातम्यांत तिने ते वाचले. उच्चार शुद्ध, आवाज स्थिर; मी घरी ऐकत होतो आणि, आता सांगण्यास लाज वाटते, समाधानाने मान डोलावीत होतो. दुपारी कळले की त्या मुलाच्या आईने रात्रभर त्याची वाट पाहिली होती आणि सकाळी सहज टीव्ही लावला होता. घरी तोवर कोणीही कळविले नव्हते.

भाची संध्याकाळी त्या घरी गेली. मी सोबत गेलो. आळीतील बायका दाराशी होत्या. त्यांनी तिला ओळखले आणि वाट दिली. ती माउली भिंतीस टेकून बसली होती. तिने मान वर केली आणि विचारले, “तूच सांगितलंस ना?” भाची म्हणाली, “हाव.” बीडचे ते ‘हाव’. त्यापुढे कोणी काही बोलले नाही. आम्ही अर्धा तास बसलो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवसापासून अपघाताची बातमी हातात आली की तिचा पहिला प्रश्न असे, “घरी कळविले आहे काय?” उत्तर मिळेपर्यंत ती नाव वाचीत नसे. चालक रागावत, दुसरी वाहिनी आधी देईल म्हणत. तिने ऐकले नाही. हा नियम तिला कोणी शिकविला नव्हता. मी तर नव्हताच. मी तिला ळ शिकविला होता.

बंधुभगिनींनो, त्या संध्याकाळपासून हा व्यवसाय मला तोंड दाखविण्याचा वाटत नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्या वाहिनीने चार महिन्यांचे वेतन थकविले, ते अखेरपर्यंत मिळाले नाही. तेव्हा तिने मुंबईस परीक्षा दिली आणि एका वृत्तवाहिनीत लागली. मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या 2007 साली सुरू झाल्या. त्यामुळे आता ही वाट आपल्या मुलांना पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे, यात शंका नाही. पण ती गुळगुळीत आहे असे मी सांगणार नाही. सकाळी सहाचे बातमीपत्र असले की रात्री तीनला घरासमोर गाडी येते. चेहऱ्यास रंग लावता लावता कागद वाचावयाचे, समोरच्या टेलिप्रॉम्प्टरवर अक्षरे सरकत असताना कानातल्या यंत्रातून निर्माता दुसरेच काही सांगत असतो, आणि त्या दोन्हींतून मार्ग काढीत चेहरा शांत ठेवावयाचा. नोकरी बहुधा कराराची. वाहिनीचा मालक बदलला की माणसे बदलतात. वय वाढले की बायकांस आधी बाजूस सारतात, पुरुषांस नंतर. ओरडून बोलणाऱ्यांस अलीकडे अधिक भाव आहे. किल्लारीच्या सकाळी तसा आवाज आमच्या ओट्यावर आला असता तर आमचे काय झाले असते, असा विचार मनात येतो. ज्या पालकांस मुलास या वाटेने पाठवावयाचे असेल त्यांनी हे सर्व जाणून पाठवावे, आणि पदवीबरोबर दुसरे एखादे कसब हाती ठेवावे. भावे यांच्याजवळ अध्यापन होते, भिडे यांच्याजवळ स्वतःचा व्यवसाय होता. ते त्यांनी उगीच ठेवले नव्हते.

एक बाब मात्र अभिमानाने सांगतो. मुंबईच्या त्या कचेरीत आपल्या जिल्ह्याची बातमी आली की सहकारी तिला हाक मारतात. गेवराई, धारूर, वडवणी, शिरूर कासार ही नावे नीट कशी म्हणावयाची, चौसाळ्यातला च कोणता, हे तिला विचारतात. ज्या बोलीमुळे ती पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत एकटी बसत असे, त्या बोलीपाशी तेथील लोक आता विचारावयास येतात.

मी माझी मागणी सांगून थांबतो. आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांस पारितोषिके देते. उच्चार आणि वाचन यांसाठी एक पारितोषिक ठेवावे. त्यासाठी लागणारी रक्कम मी माझ्या निवृत्तिवेतनातून आनंदाने देईन. मुलांनी व्यासपीठावर येऊन एक पान वर्तमानपत्र वाचावे, आणि एक गोष्ट घरच्या बोलीत सांगावी. परीक्षकांनी दोन्हींस सारखे गुण द्यावेत.

दुसरी मागणी चिटणीसांकडे आहे. या वर्षीच्या वधूवर पुस्तिकेची मुद्रिते छापखान्यातून परत आली आहेत. एका नोंदीत मी स्वतःच्या हाताने केलेली दुरुस्ती रद्द करून मूळ शब्द पुन्हा घालावयाचा आहे. मेहुण्यांची संमती मी काल रात्री घेतली. पाने मंगळवारी यंत्रावर चढणार आहेत, तोवर अवकाश आहे असे चिटणीसांनी मला सांगितले आहे.